एक कोयता म्हणजे दोन माणसे

पंधरा कोयत्यांची टोळी म्हणजे किती माणसे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या कुठल्याही मुकादमाला विचारा, तो लगेच तीस म्हणून सांगेल. टोळीत एखादा एकटा गडी असला, तर ती साडेपंधरा कोयत्यांची होते आणि माणसे एकतीस. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, करार कोयत्याचा होतो, कारखान्याच्या शेतकी खात्याला यंदा किती कोयते लागणार याचा अंदाज आधीपासून बांधला जातो. लोखंडाच्या एका पात्याचे नाव नवरा-बायकोच्या जोडीचे नाव झाले आहे. या नावाचा प्रवास लांबचा आहे आणि तो भाषेच्या अभ्यासकांइतकाच तुम्हाआम्हा साखर खाणाऱ्यांनीही माहीत करून घ्यावा असा आहे.

आधी हत्याराकडे पाहू. कोयता म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळी वस्तू येते. कोकणात तो टोकाशी आत वळलेला असतो. लाकडी किंवा लोखंडी आकडीत अडकवून तो कमरेला मागच्या बाजूस लटकवायचा, म्हणजे झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर आधी कवळ तोडावी लागते. ती तोडायला, कुंपणाची काटी छाटायला, बांबू कापायला, नारळ फोडायला, सगळ्याला हाच कोयता. त्याचे लहान भावंड ती कोयती. गोव्यात तो कोयतो होतो. शहरातल्या माणसाला ठाऊक असतो तो शहाळेवाल्याचा जड कोयता, तीन घावांत शहाळ्याचे तोंड उघडणारा. उसाच्या फडातला कोयता मात्र बहुधा सरळ आणि रुंद पात्याचा असतो, कारण तिथे काही ओढायचे नसते, फक्त घाव घालायचा असतो.

विळा आणि कोयता यांतला फरक इथेच आहे. विळ्याची धार आतल्या वाकात असते. डाव्या मुठीत ताटे धरायची आणि विळा आपल्याकडे ओढायचा, की भात किंवा गहू कापला जातो. कोयता ओढून चालत नाही. तो उगारावा लागतो, आणि तोडायचे काम धारेइतकेच त्याचे वजन करते. मराठी शेतकऱ्याने पिकागणिक क्रियापदही वेगळे ठेवले आहे. भात कापतात, ज्वारी काढतात, कापूस वेचतात, भुईमूग उपटतात आणि ऊस तोडतात. उसाची ‘कापणी’ म्हणणारा माणूस फडात कधी उभा राहिलेला नाही हे गावकरी तेवढ्यावरून ओळखतो. ऊस तोडायचा तोही अगदी जमिनीलगत, कारण साखर बुडख्याकडच्या कांड्यांत जास्त असते आणि खोडवाही नीट फुटतो. शेंड्याकडचे वाढे छाटून टाकायचे, त्यात साखर भरलेली नसते. म्हणजे प्रत्येक उसासाठी एकदा जमिनीपर्यंत वाकायचे आणि एकदा सरळ व्हायचे. दिवसभर.

हे हत्यार घडवणारे हात बहुतेक घिसाड्यांचे. गावोगाव पाल टाकून राहणाऱ्या या समाजाने महाराष्ट्राच्या शेतीला विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि कोयते पुरवले. जुन्या मालमोटारीच्या कमानीचा पाटा हे त्यांचे आवडते पोलाद. एकाने भाता चालवायचा, एकाने सांडशीत तापलेला तुकडा ऐरणीवर धरायचा आणि घणाचे घाव बहुतेक वेळा घरच्या बाईने घालायचे. पाते आकाराला आले की त्याला पाणी द्यायचे, म्हणजे लालबुंद धार पाण्यात बुडवून कडक करायची. पाणी कमी पडले तर धार वळते, जास्त झाले तर तिचा तुकडा उडतो. पात्याच्या रंगावरून ही वेळ ओळखणारी नजर कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. वापरून बोथटलेले हत्यार पुन्हा तापवून, ठोकून धारेला आणणे म्हणजे शेवटणे. फडात रोजच्या रोज धार धरायला कानस असतेच.

आता नावाकडे वळू. कापण्याच्या अवजारांच्या नावांनी आपल्या देशातल्या भाषा-अभ्यासकांना फार जुन्या काळापासून विचारात पाडले आहे. यास्काच्या निरुक्तात आणि पुढे पतंजलीच्या महाभाष्यात एक निरीक्षण येते. कापणे या अर्थाचे ‘दाति’ हे क्रियापद पूर्वेकडचे लोक वापरतात आणि उत्तरेकडचे लोक त्याच धातूपासून झालेले ‘दात्र’ हे नाव तेवढे वापरतात. दोन हजार वर्षांहून जुनी ही नोंद मला अतिशय प्रिय आहे. बोलीबोलींतला फरक दाखवायला या थोर वैयाकरणांना उदाहरण सापडले ते शेतकऱ्याच्या हातातल्या विळ्याचे! तेच दात्र पुढे हिंदीत दराँती झाले आणि बंगालीत नुसते ‘दा’ उरले.

मराठीने मात्र कोयत्यासाठी उत्तरेकडे पाहिले नाही. शब्दाची सगळी सोयरिक दक्षिणेला आहे. कन्नडमध्ये ‘कोय्यु’ म्हणजे कापणे, खुडणे आणि ‘कोय्लु’ म्हणजे सुगी. तमिळमध्ये ‘कोय्’ म्हणजे फुले खुडणे, पीक कापणे, आणि जुन्या तमिळमध्ये विळ्याला ‘कुयम्’ म्हणत. मल्याळममध्ये ‘कोय्त्त्’ म्हणजे कापणीचा हंगाम. तेलुगूत ‘कोत’ म्हणजे कापणी. टी. बरो आणि एम. बी. एमेनो यांनी 1961 साली द्राविडी भाषांचा जो व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला, त्यात ‘कोय्’ धातूचे हे कुटुंब एकत्र मांडलेले आहे. कोयता हा शब्द याच घरातला आहे, हे मूळ मला पूर्ण पटते. रूप जुळते, अर्थ जुळतो आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना मराठी, कोकणी आणि कन्नड बोलणारे शेतकरी शतकानुशतके बांधाला बांध लावून राहत आले आहेत.

दक्षिणेकडून आलेला हा काही एकटाच शब्द नाही. सुपारी कातरायचा अडकित्ता कन्नडमधला आहे. त्यातला ‘अडके’ म्हणजे सुपारी. तूपही कन्नड ‘तुप्प’चे भावंड. घरातली आणि शेतातली हत्यारे जमिनीवर मांडून एकेकाचे नाव तपासत गेले तर महाराष्ट्राशी कोणाकोणाचा व्यवहार होता ते कळत जाते. कुऱ्हाड संस्कृत ‘कुठार’वरून आली, करवत ‘करपत्र’वरून, कातर ‘कर्तरी’वरून. खाटकाचा सत्तूर मुळात अरबी. घमेले पोर्तुगीज. सगळ्यांत नवल वाटावे असे नाव खुरप्याचे. संस्कृतात ‘क्षुरप्र’ हा एक प्रकारचा बाण आहे. रुंद, वस्तऱ्यासारख्या धारेचा हा बाण महाभारतातल्या युद्धात धनुष्ये आणि मस्तके छेदतो. शेतात खाली बसून तण काढणाऱ्या बाईच्या मुठीतले खुरपे हा त्याचाच शब्दवंशज आहे.

कोयत्याच्या बाबतीत आणखी एक गंमत घडलेली दिसते. दक्षिणेतल्या भाषांत या घराण्यातले बरेच शब्द कामाचे नाव आहेत: कापणे, कापणी, सुगी. मराठीत तेच नाव हत्याराला मिळाले. काम आणि हत्यार यांना एकच नाव देणे मराठीच्या अंगवळणीच पडलेले आहे. पोळी लाटणे ही क्रिया आणि ज्याने लाटायची तेही लाटणे. उलथायचे तेही उलथणे आणि ज्याने उलथायचे तेही उलथणे. कोयता या घरात सहज रुळला असणार. इतका, की तो पाहुणा आहे हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अलीकडे या शब्दाला शहरी वर्तमानपत्रांत वेगळाच वास येऊ लागला आहे. पुण्यात 2022-23 च्या सुमारास हातात कोयते घेऊन दुकाने आणि गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या टोळ्यांमुळे ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला. पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवायला सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या खुरप्याशेजारी टांगून विकली जाणारी वस्तू एकाएकी संशयित झाली. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी केलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. वस्तू कशासाठी केली आहे, हे पाहायचे. शेतकऱ्याच्या कमरेचा कोयता हे अवजार आणि तोच चौकात उगारला की गुन्ह्याचे हत्यार, हा भेद न्यायालयाला समजतो. बातमीच्या मथळ्यात तो पुसला जातो आणि ज्यांच्या पोटाचा आधार हा कोयता आहे त्यांच्या वाट्याला फुकटची बदनामी येते. मला याचे मनापासून वाईट वाटते.

त्या ऊसतोड मजुरांकडेच आता जाऊ, कारण या शब्दाच्या अर्थाने सर्वांत मोठी झेप त्यांच्या आयुष्यात घेतली.

माणसे त्यांच्या साधनांनी मोजायची रीत महाराष्ट्राला नवी नाही. बखरींत ‘पाच हजार घोडा’ निघतो तेव्हा त्यात पाच हजार स्वारही असतात. गाव किती उंबऱ्यांचे, हे आपण आजही विचारतो. शेताची ऐपत औतांवर सांगत आणि विहिरीची मोटांवर. सातारा जिल्ह्यात लिंब गावची अठराव्या शतकातली प्रसिद्ध विहीर आजही बारा मोटेची विहीर म्हणूनच ओळखली जाते. तेव्हा ऊसतोडीच्या टोळीला ‘पंधरा कोयते’ म्हणणे हे मराठीच्या वळणाला धरूनच झाले. घोड्याच्या हिशेबात एका घोड्यावर एक स्वार असे. कोयत्याच्या हिशेबात मात्र एका कोयत्याखाली दोन माणसे आली, एक पुरुष आणि एक बाई.

1950-51 च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडला की साखरेचा उतारा तासागणिक घटू लागतो. त्यामुळे ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी, मोठ्या संख्येने तोडणारे हात हवेत. हे हात मिळाले ते बालाघाटच्या डोंगररांगांतल्या कोरडवाहू गावांतून: बीड जिल्ह्यातले पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, शेजारचे पाथर्डी, पुढे परभणी, जालना, जळगाव, नाशिकचा काही भाग. 1972 च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. आज ऊसतोड मजुरांची संख्या 8 ते 10 लाख असल्याचा अंदाज सांगितला जातो.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. त्यात कोयताही हळदीकुंकू आणि झेंडूची फुले लावून मांडला जातो. दसरा झाला की मुकादमांची लगबग सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाडे निघतात. बाकीचा महाराष्ट्र माणसे गावी परतण्याची वाट पाहत असतो तेव्हा या गावांत कुलपे लागतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या ओटीत ठेवलेली काही मुले. काही बिऱ्हाडे कोल्हापूर-सांगलीकडे जातात, काही कर्नाटकात, तर काही खानदेश-डांगातून गुजरातेत बारडोलीकडे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात बारडोलीच्या कारखान्यांवरच्या मजुरांचा अभ्यास केला. त्या मुलखातही टोळी कोयत्यांनीच मोजतात.

फडातले काम पाहिले की जोडी हे एकक का ठरले ते कळते. एकजण तोडत पुढे सरकतो, दुसरा पाचट काढतो, वाढे छाटतो, ऊस सारखे करून मोळी बांधतो. ही वाटणी पक्की नसते. बाईच्या हातातही कोयता असतोच आणि तीही तोडते. कागदावरचा एक कोयता फडात दोन पाती चालवत असतो. दोघे मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. मग 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रक भरायचा. बैलगाडीचे जे असतात ते गाडीवान किंवा टायरवाले, आणि डोक्यावरून वाहणाऱ्यांच्या टोळीला डोकी सेंटर म्हणतात. इथेही माणसाचे नाव त्याच्या वाहणाऱ्या अवयवावरूनच! ट्रक रात्री दोनला आला तर दोनला उठून भरायचा. बाईला त्याआधी चूल पेटवायची असते आणि त्यानंतर पाणी आणायचे असते, कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, लेकराला पाजायचे असते.

उचल ठरते ती कोयत्यावर आणि घेतो तो पुरुष. अंगठा किंवा सही त्याची. हंगामाच्या शेवटी टनांचा हिशेब होऊन उचल फिटली की नाही हे ठरते, तेही त्याच्याशीच बोलून. तिच्या कष्टाचे पैसे त्या एका आकड्यात विरघळलेले असतात. तिला किती मिळाले, या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण वहीत ती वेगळी नाही. वेगळी होते ती एकटी पडल्यावर. विधवा झाली, नवऱ्याने टाकली आणि पोट भरायला एकटीच टोळीत निघाली, की तिचे नाव ‘अर्धा कोयता’. एकट्या पुरुषालाही हेच म्हणतात. पण अख्ख्या आयुष्यात बाई हिशेबात पहिल्यांदा स्वतंत्र दिसते ती अर्धी म्हणून, हे वाचताना जीव कळवळतो.

जोडीला मोल आहे म्हणून लवकर जोडी लावण्याची घाई होते. अर्ध्याचा पूर्ण कोयता झाला की उचल वाढते. मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, ही भीतीही खरी असते. बीड, परभणी, जालना हे जिल्हे बालविवाहांच्या आकडेवारीत पुढे आहेत, त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे. कारखान्याच्या दारात घाईघाईने उरकलेल्या लग्नाला ‘गेटकेन’ असा शब्द ऐकू येतो. कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेरून थेट दारात येणाऱ्या उसाला गेटकेन म्हणतात. उसाचा शब्द पोरीच्या लग्नाला लागला.

एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’. त्याचे पैसे कापले जातात, आणि जोडीतली एक व्यक्ती आजारी पडली तरी अख्ख्या कोयत्याचे काम अडते. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, विश्रांती नाही. दुखणे वाढत गेले की पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो आणि बाईही कंटाळून तो मान्य करते. 2019 साली हा प्रश्न गाजला तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. वैद्यकीय गैरव्यवहाराची चौकशी व्हायलाच हवी. पण ज्या हिशेबात आजारी पडायला जागा नाही तो हिशेबही त्या शस्त्रक्रियांइतकाच तपासला पाहिजे असे माझे मत आहे.

या शब्दाची ताकद मजुरांनीही ओळखली आहे. त्यांच्या संपाला ‘कोयता बंद’ म्हणतात. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांसारख्या नेत्यांनी हे आंदोलन राज्याच्या राजकारणात आणले. गाळप हंगाम तोंडावर असताना कोयते म्यान झाले की कारखानदारांना बोलणी करावीच लागतात. मग लवाद बसतो, टनामागचा दर ठरतो आणि तो काही वर्षे चालतो. जानेवारी 2024 मध्ये अशाच बोलण्यांतून दरात 34 टक्के वाढ ठरली. मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. आता फडांत हार्वेस्टर उतरू लागले आहेत, त्यामुळे पूर्वी नुसते तोड म्हणत त्याला ‘हाततोड’ म्हणावे लागते. दगडगोट्यांच्या, चढउताराच्या आणि लहान तुकड्यांच्या रानात यंत्र फिरत नाही. तिथे कोयताच चालतो आणि पुढची बरीच वर्षे चालेल.

2021 पासून ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम हाती घेतले गेले. ते सगळीकडे सारखे झालेले नाही. ज्या गावांत ते झाले तिथे बाईला तिच्या स्वतःच्या नावाचे, नवऱ्याच्या कार्डाहून वेगळे कार्ड मिळाले. आता तोडणीचे पैसेही दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत जमा करावेत आणि करारावर दोघांची सही असावी, अशी मागणी ऊसतोड महिलांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी लावून धरली आहे.